मंगळवेढ्याची ज्वारी आणि सांगोल्याचे डाळिंब

डिसेंबर संपत आला असताना सोलापूरहून मंगळवेढ्यामार्गे सांगोल्याला जावे. आधी दुतर्फा काळ्या रानातली ज्वारी दिसते आणि पुढे जमीन हलकी, मुरमाड होत गेली, की ठिबकाच्या नळ्यांवर पोसलेल्या डाळिंबाच्या बागा सुरू होतात. एका बागेत मृग बहाराची तोडणी चालू होती. या बहारासाठी उन्हाळ्यात झाडाला ताण देतात, म्हणजे पाणी तोडून पानगळ होऊ देतात, आणि मग पावसाच्या तोंडावर पाणी सोडले की कळी निघते. पाण्याची टंचाई असलेल्या या मुलखाला असे फळ मानवले, यात नवल नाही. बागायतदारांच्या बोलण्यात सौदा, निर्यात आणि फळांवर तेलकट डाग पाडणारा तेल्या रोग हेच विषय होते. २०१६ मध्ये सोलापूरच्या डाळिंबाला मिळालेल्या भौगोलिक मानांकनाचा उल्लेख मलाच काढावा लागला.

तिथून आणलेली भगवा जातीची फळे सोलापुरात आत्याच्या स्वयंपाकघरात फोडली. मुकुटाकडचा भाग कापून, उभ्या चिरा देऊन फळ पाण्यात उकलले की दाणे तळाशी बसतात, पांढरा पापुद्रा वर तरंगतो आणि कपड्यांवर डाग पडत नाहीत. आत्याने त्यांत घट्ट दही, मीठ, हिरवी मिरची आणि जिरेपूड घालून कोशिंबीर केली. सोबत मंगळवेढ्याच्या ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी होती.

‘डाळिंबाने रक्त वाढते,’ हे आत्याचे ठाम मत आहे, पण ते मला पटत नाही. शंभर ग्रॅम दाण्यांत लोह जेमतेम ०.३ मिलिग्रॅम असते. त्याहून कितीतरी अधिक लोह त्याच ताटातल्या भाकरीत असते. डाळिंबाची खरी जमेची बाजू म्हणजे त्याच वजनात मिळणारे सुमारे ४ ग्रॅम तंतू, थोडे क जीवनसत्त्व आणि लाल रंग देणारी अँटिऑक्सिडंट द्रव्ये. रस गाळला की तंतू चोथ्याबरोबर जातात आणि साखर मात्र पेल्यात उरते, म्हणून मधुमेह असणाऱ्यांनी तरी रसापेक्षा मूठभर दाणे चावून खावेत, असे मी आग्रहाने सांगेन.

विकत घेताना नुसत्या रंगावर जाऊ नये. पिकलेले फळ हाताला जड लागते, त्याच्या गोलाईला किंचित चपटे पैलू पडलेले असतात आणि टिचकी मारल्यास धातूसारखा आवाज येतो.