पक्ष्यांच्या बेटावर माणसाचं काय काम?

‘पक्षी अंडी उबवत असताना तुम्ही तिथं जाता, त्यांना त्रास होत नाही का?’ उन्हाळ्यात मी स्तूरा कार्ल्सोला निघालो की हा प्रश्न हमखास येतो. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

बाल्टिक समुद्रात, स्वीडनच्या गॉटलंडपासून थोडं पश्चिमेला हे चुनखडीचं बेट आहे. आकार जेमतेम अडीच चौरस किलोमीटर. १८८७ सालचं दीपगृह आहे आणि कड्यांवर हजारो गिलेमॉट, म्हणजे कड्यांवर वीण घालणारे समुद्रपक्षी. माणसानं यांना छळलं नाही असं कोण म्हणेल? एकोणिसाव्या शतकात अंडी पळवून आणि गोळ्या घालून त्यांना संपवत आणलं होतं. १८८० मध्ये संस्था काढून बेट राखायला पुढे आले ते विली वेलर आणि मंडळी, म्हणजे शिकारीच! (आपल्या वेंगुर्ला रॉक्सवरही दीपगृह आहे आणि पाकोळ्याही. त्यांची घरटी चोरणारे तिथं बोटीनं पोचलेच होते.)

गिलेमॉट घरटं बांधत नाही. कड्याच्या उघड्या कपारीवर एकच अंडं. पक्षी घाबरून एकदम उडाला तर ते अंडं खाली गडगडतं, नाहीतर कावळे-कुरव टपलेले असतातच.

२०२० मध्ये कोरोनामुळे पर्यटक जवळपास आलेच नाहीत. पक्ष्यांना निवांतपणा मिळाला असेल असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. माणसाला बिचकणारे पांढऱ्या शेपटीचे समुद्री गरुड बेटावर सुमारे सातपट दिसू लागले. ते घिरट्या घालू लागले की गिलेमॉटांचे थवेच्या थवे कडे सोडून उडायचे. त्या वर्षी त्यांची वीण २६ टक्क्यांनी घटली. कड्यांवर वर्षानुवर्षं नजर ठेवणाऱ्या संशोधकांनीच हे मोजलं.

म्हणून मी निर्धास्त जातो. पण गाइडबरोबर, ठरलेल्या वाटेनं. याचा अर्थ कुठल्याही बेटावर ड्रोन घेऊन घुसावं असा काढू नका. इथल्या पक्ष्यांना माणसांची सवय आहे, दुसरीकडे असेलच असं नाही. आणि गरुडही काही खलनायक नव्हेत; विषारी रसायनांमुळे तेही एकदा संपत आले होते.

यायचं असेल तर जूनअखेरीस या. क्लिंटेहामहून बोट मिळते. दीपगृहाच्या आवारात मुक्काम करा, कारण खरा खेळ संध्याकाळी असतो. तीन आठवड्यांची, अजून उडताही न येणारी पिल्लं कड्यावरून खाली झेपावतात. खाली बाप हाका मारत असतो. पुढे समुद्रात पिल्लाला तोच सांभाळतो. काही पिल्लं दगडांवर आपटतात, उठतात आणि पाण्याकडे धावत सुटतात. विष्ठेच्या वासाची मात्र तयारी ठेवा.