शिवडीच्या चिखलात पांढरं सांभाळताना

अष्टमी होती, म्हणजे भरती संध्याकाळी सहाच्या आसपास. हा हिशेब माझ्या फोटोग्राफर काकांचा: तिथीची पाऊणपट करायची, येईल तितक्या वाजता पाणी भरतं. भरतीच्या वेळा मोबाइलवर मिळतात हे त्यांना ठाऊक आहे, पटत मात्र नाही.

फेब्रुवारीतला शनिवार. पक्ष्यांचे फोटो काढायला आम्ही मुंबईच्या हार्बर लोकलने शिवडीला उतरून ट्रक-टँकरांची धूळ खात तीनला जेट्टी गाठली. शिवडीचा चिखल पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य थेट डोळ्यांवर येतो. दुपारनंतर तो पाठीशी. शिवाय पाणी चढू लागलं की दूरचे पक्षी पायापायाने पुढे सरकतात. समोर अटल सेतू, पलीकडे तुर्भ्याकडची धुराडी आणि मधल्या चिखलात गुलाबी रेघ: छोटे रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. चिखलावरून गरम हवा थरथरत होती, त्यामुळे लांबच्या रोहितांचे फोटो काढण्यात अर्थ नव्हता. (तरी मी चाळीस काढलेच.)

जवळ होते ते शेकाटे, तुतवार आणि एक मोठा बगळा. बगळ्यावर मी तुटून पडले. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी (म्हणजे शटरचा वेग कॅमेराच ठरवतो), मीटरिंग म्हणजे उजेडाची मोजणी सगळ्या चौकटीची, धडाधड क्लिक. टोपीच्या सावलीत स्क्रीन पाहिला, तर बगळ्याची पाठ काळी-पांढरी लुकलुकत होती, म्हणजे तिथे उजेड फार झाल्याची कॅमेऱ्याची खूण. पिसं जळालेली, बगळ्याच्या आकाराचं भोक नुसतं.

"अगं, कॅमेऱ्याला बगळा कुठे दिसतोय? त्याला चिखल दिसतोय," काका म्हणाले.

खरं होतं. चौकटीचा नऊ दशांश भाग काळपट चिखल. मीटर त्याला मधल्या करड्या रंगावर आणायला जातो आणि त्या ओढाताणीत बगळा होरपळतो. मी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे एकवर नेलं, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेल्याच्या निम्मा उजेड. पुढच्या दहा फोटोंत पिसं आली. मग बगळा चार पावलं चालून चकाकत्या पाण्यासमोर उभा राहिला आणि तोच उणे एक त्याला मळकट करून बसला. ऊन तेच, बगळा तोच, बदललं होतं फक्त मागचं.

"मॅन्युअलवर ये, सगळं तूच ठरव," काका म्हणाले, "ऊन मोज, चिखल नको."

काकांनी आयुष्यभर लग्नांचे फोटो काढले ते निगेटिव्ह फिल्मवर. तिथे थोडं जास्त एक्स्पोजर पचायचं. हौसेने पक्षी काढायला स्लाइड फिल्म घेतली तेव्हा कळलं, तिथे जळालेलं पांढरं परत येत नाही. डिजिटल या बाबतीत स्लाइडच्या जातीचं. त्यांचं गणित जुनंच: लख्ख उन्हात एफ १६ (हे भिंगाच्या छिद्राचं माप) आणि शटर आयएसओइतकं (आयएसओ म्हणजे उजेडाला असलेली संवेदनशीलता). म्हणजे आयएसओ ४०० ला एफ १६ वर १/४०० सेकंद; एफ ८ वर उजेड चौपट, म्हणून १/१६००. पांढऱ्या पक्ष्याला आणखी एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड, १/३२००. चारचं ऊन जरा उतरलेलं, म्हणून मी १/२५०० वर थांबले. हिस्टोग्राम, म्हणजे डावीकडे काळं आणि उजवीकडे पांढरं दाखवणारा उजेडाचा आलेख, उजव्या भिंतीला टेकता टेकता राहिला. त्यानंतर चिखल येवो, पाणी येवो, तिवरं येवोत, मी काही हलवलं नाही. मात्र दर वीस मिनिटांनी शटर थोडं खाली आणत गेले, कारण ऊन उतरत होतं.

लाटांवरचे चमचमते ठिपके कॅमेरा जळालेले दाखवत होता. ते जळू दिले. पाण्याची चकाकी जळालीच पाहिजे, नाहीतर पाणी कागदासारखं दिसतं. सांभाळायची ती पिसं. पाचच्या सुमारास रोहित जवळ आले तेव्हा वेगळीच गंमत: साधा हिस्टोग्राम ठीक, पण लाल चॅनल भिंतीला आपटलेला. गुलाबी पंखांत लाल आधी भरतो, त्यामुळे तिथे लाल, हिरवा, निळा वेगवेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम बघावाच लागतो.

पाणी चढलं तसा चिखलाचा पट्टा अरुंद झाला. त्यावर दोन समुद्र बगळे आले, एक पांढरा, एक पाटीच्या रंगाचा. एकाच जातीची दोन रूपं, हातभर अंतरावर. मी काकांकडे पाहिलं.

"दोघांचं कसं जमवायचं हो?"

"मला काय विचारतेस? नवरदेवाला पांढरा झब्बा आणि नवरीला काळी चंद्रकळा, हे मी संक्रांतीला दरवर्षी भोगलंय."

मी पांढऱ्याचं एक्स्पोजर धरलं. घरी रॉ फाइल (कॅमेऱ्याची प्रक्रिया न झालेली मूळ नोंद) उघडून सावल्या उजळल्या, तर पाटीच्या रंगातही पिसं होती, थोड्या खरखरीसकट. पांढऱ्याच्या मानेवर मात्र चिखलाचा एक शिंतोडा आहे. तो मी पुसलेला नाही.