तुम्ही विचारलंत म्हणून: बांधलेली जागा नदीला परत देता येते का?

बांधकाम परवान्याचे नकाशे करून देणं हा माझा धंदा. त्यामुळं कोल्हापुरात पंचगंगा पात्राबाहेर पडली, की ओळखीपाळखीची माणसं हमखास विचारतात, "पूररेषेतली घरं काढून जागा नदीला परत द्या, असं सगळे म्हणतात. खरंच देता येते का हो? आणि आम्ही जायचं कुठं?" विचारणाऱ्याचं घर बहुतेक वेळा नदीकडच्या रमणमळ्यात नाहीतर दुधाळीत असतं. म्हणजे हा काही चहा पिता पिता काढलेला विषय नसतो.

देता येते. पण आपल्याकडं त्याची वाटच कुणी पाडलेली नाही. शेतजमीन एनए करायची तर कागद कुठले, चलन किती, सही कुणाची, हे माझ्या ऑफिसातला पोरगाही झोपेत सांगेल. पण "मी घर उतरवून घेतो, मला प्लॉटचे पैसे द्या आणि इथं पुन्हा कुणाला बांधू देऊ नका" असा अर्ज घेणारं टेबल मला तरी अजून सापडलेलं नाही. निळ्या पूररेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी घालून परवानगी. साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा निळी, 100 वर्षांतल्या पुराची लाल. हे सगळं झालं नव्या बांधकामाचं. रेषा आखायच्या आधीच जे उभं आहे, त्यात राहणाऱ्यानं काय करायचं? पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोका पातळी 43 फूट. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला पुन्हा गेलं. सुतारवाड्यातली माणसं तर सामान बांधूनच पावसाळा काढतात.

पुनर्वसन म्हटलं की लोक चिखलीचं उदाहरण देतात. प्रयाग चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांना पूर्वीच्या एका महापुरानंतर उंचावरच्या सोनतळीला प्लॉट मिळाले. तरी पूर आला की ट्रॅक्टर-ट्रॉलीतून माणसं आणि जनावरं सोनतळीला, आणि ओसरला की पुन्हा जुन्या गावात. त्यांना हट्टी म्हणणाऱ्यांनी एकदा म्हैस पाळून बघावी. रान खाली नदीकाठी, वैरण खाली, आणि धारेच्या वेळी तुम्ही वर माळावर, असं जमत नाही. शिवाय नवा प्लॉट दिला, पण जुन्या जागेचं पुढं काय, हे तडीस नेलंच नाही. नवी जागा देणं आणि जुनी सोडवून घेणं ही दोन वेगळी कामं आहेत. आपण पहिलं अर्धंमुर्धं करतो आणि दुसऱ्याला हातच लावत नाही.

टीडीआर द्या, असं एक उत्तर आमच्या धंद्यातले लोक पटकन देतात. बाग, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी राखलेली, म्हणजे आरक्षणातली जागा सोडली तर पैशांऐवजी दुसरीकडं वापरायचा बांधकामाचा हक्क मिळतो, ही सोय आहेच. पूररेषेतल्या प्लॉटवर बागेचं आरक्षण टाकलं की झालं, असं वाटतं. पण तो हक्क विकत घेणारा बिल्डर पाहिजे, आणि घर सोडणाऱ्याला भाडं या महिन्यापासून भरायचं असतं. दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊन आरक्षण उठवायच्या मागं लागतो, ते वेगळंच.

दुसरी बाब कुणी विचारत नाही, तरी सांगतो. घर पाडलं म्हणजे जमीन मोकळी झाली, असं नाही. नदीकडच्या सखल प्लॉटवर आधी डंपरनं मुरूम ओततात, रोलर फिरवतात, मग जोतं उचलतात. शेजाऱ्याचा उंबरा आपोआप खाली जातो आणि पुढच्या पावसात त्याच्या संडासाच्या चेंबरमधून बुडबुडे यायला लागतात. दारातून पाणी यायच्या कितीतरी आधी ते तिथून येतं. असा दाबलेला मुरूम तसाच ठेवला तर त्यावर गाजरगवत आणि घाणेरी, बाकी काही नाही. नदीला जागा द्यायची तर भराव उकरून जमीन मूळ पातळीला न्यावी लागते. मग वाळुंज, उंबर, करंज लावायचे. लव्हाळा आपला आपण येतो. आणि उकरलेली खरमाती पंचगंगेलाच मिळणाऱ्या जयंती नाल्याच्या काठावर ओतली, तर सगळं मुसळ केरात.

म्हणून सुरुवात माणसं राहतात तिथून करू नये, असं माझं मत. जिथं कुणाचा संसार नाही अशा सार्वजनिक जागा आधी घ्या. गांधी मैदानाच्या जागी वरुणतीर्थ तलाव होता. कपिलतीर्थाच्या जागी आज मंडई आहे. मंडई हलवा म्हणालो तर बायका मला भाजी देणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. पण गांधी मैदानात दर पावसाळ्यात पाणी तुंबतं, आणि ते बाहेर कसं काढायचं यावरच डोकं चालवलं जातं. मैदानाचा एखादा कोपरा खोल करून ते तिथंच मुरू द्यायला काय हरकत आहे? क्रिकेटवाली पोरं भांडतील, भांडू देत. उरलेलं मैदान तरी त्यांना कोरडं मिळेल.

राहत्या घरांचा सौदा नंतरचा, आणि तो जबरदस्तीचा नको. 2012 च्या सँडी वादळानंतर न्यूयॉर्क राज्यानं स्टेटन आयलंडवरच्या ओकवूड बीच भागात तयार असणाऱ्यांची घरं वादळाआधीच्या बाजारभावानं विकत घेतली, पाडली, आणि ती जागा कायमची मोकळी ठेवायची अट घातली. तिथलं सरकार श्रीमंत, हे कबूल. पण दर वादळाआधीचा, ही गोष्ट आपल्यालाही उचलता येईल. पाणी ओसरल्यावर भिंतींवर चिखलाचे पट्टे असताना जो भाव येतो, त्या भावात कोण घर सोडेल? रमणमळ्यातले एक काका मला म्हणाले, "योग्य दर मिळाला तर उद्या किल्ल्या देतो. नाही मिळाला तर माळा बांधून घेतो." माळ्याचा नकाशा त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतलाय.