किती दिवस तेच उगाळणार?

मंडळाच्या कार्यक्रमात, फोनवर, पुण्याला गेले की लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी विचारतंच : ‘ताई, किती दिवस ते बंदुकांचंच उगाळणार? त्यानं मुलगा परत येणार आहे का?’

नाही येणार. हे मला कुणी सांगायला नको.

पण तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. त्या शनिवारी ह्यूस्टनमध्येच, त्याच्या मित्राच्या घरी मीच त्याला सोडलं. १३ वर्षांचा होता. दारात उभं राहून मित्राच्या आईला मी तीन गोष्टी विचारल्या. कुत्रा बांधलाय ना? जेवणात बीफ नाही ना? पोहताना कुणी मोठं माणूस असेल ना? तिनं तिन्हींची नीट उत्तरं दिली. चौथा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नाही. बंदूक पलंगाशेजारच्या ड्रॉवरमध्ये होती, भरलेली. पोरांनी मॅगझीन, म्हणजे गोळ्यांचा खण, काढलं आणि त्यांना वाटलं, झाली रिकामी. मॅगझीन काढलं तरी चेंबरमध्ये, म्हणजे जिथून गोळी सुटते त्या जागेत, एक गोळी राहू शकते, हे दोघांनाही माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. फोन आला तेव्हा मी त्याच्या शाळेच्या टी-शर्टवरचा हळदीचा डाग घासत होते. निघत आला होता. तो शर्ट तसाच साबणासकट वाळला, कडक झालाय. मी तो पाण्यात घातलेला नाही.

त्यानंतर तीन वर्षं मी गप्पच होते. बंदुका ही या अमेरिकनांची भानगड, आपण बरं आणि आपलं काम बरं, असं मीही म्हणायचे. मग मे २०२२मध्ये आमच्याच टेक्ससमध्ये, युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. मुलांची ओळख पटवायला डीएनए देणारे आईबाप टीव्हीवर पाहिले आणि घरात बसवेना.

‘आपल्या लोकांत कुठे असतात बंदुका?’ असं म्हणू नका. काहींच्या कपाटात आहेत, त्यांनीच मला सांगितलंय. त्या वर्षी या देशात बंदुकीनं ४८ हजारांवर माणसं गेली आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. चोर येईल म्हणून आणलेली वस्तू घरातल्याच माणसाच्या हाती लागते.

म्हणून गणपतीत प्रसादाच्या टेबलाशेजारी मी बंदुकीला लावायची तारेची कुलपं घेऊन बसते. गोळ्या काढायच्या, चेंबर डोळ्यांनी बघायचं, मग तार वरच्या फटीतून घालून मॅगझीनच्या जागेतून बाहेर काढायची आणि कुलूप लावायचं. मग स्लाइड, म्हणजे बंदुकीचा वरचा सरकणारा भाग, बंदच होत नाही. फुकट देते. पोराच्या हाती लागेल अशी भरलेली बंदूक ठेवणं टेक्ससमध्ये १९९५पासून गुन्हा आहे, पण त्या कायद्याची आठवण होते ती पोर गेल्यावर.

नवरा म्हणतो, हे तू त्याच्यासाठी करत नाहीस, त्या दारात न विचारलेल्या प्रश्नासाठी करतेस. असेलही. मी भांडते त्याच्याशी, आणि रात्री वाटतं, खरं बोलला.

फक्त मला मोठ्या मनाची म्हणू नका. कुणाला शिक्षा व्हावी म्हणून मी आलेली नाही, असं सभेत सांगते खरी. त्या मित्राची आई दर वर्षी माझ्या मुलाच्या वाढदिवसाला मेसेज पाठवते. मी अजून एकालाही उत्तर दिलेलं नाही.