साथ येण्याआधीचं कोल्हापूर

२०२० च्या फेब्रुवारीत मी पाहिलेलं कोल्हापूर खेटून जगणारं होतं. पहाटे गंगावेशीतल्या तालमीत गेलो तर तेला-ताकात मुरलेल्या लाल मातीचा वास दारातच आला. एक पोरगं वस्तादांच्या पाया पडून आखाड्यात उतरलं, जोडीदाराच्या खांद्यावर मूठभर माती टाकली आणि दोघं डोक्याला डोकं लावून भिडले. शाहू महाराजांनी रोमचं कलोसियम पाहून इथं खासबागचं कुस्ती मैदान उभारलं. पण त्या मैदानाची खरी मेहनत अशा अंधाऱ्या तालमीत बघावी.

तिथून दूधकट्टा जवळच. म्हैस समोर उभी आणि धार थेट पेल्यात. "घ्या पावणं, फेस हाय तवर प्या," गवळीमामा म्हणाले. पेला हाताला कोमट लागत होता. शेजारी पैलवान, रिक्षावाले, नातवाला घेऊन आलेले आजोबा. पिऊन झालं की पेला विसळायचा आणि पुढच्याच्या हातात द्यायचा.

अंबाबाईचं दर्शन, मिसळ, संध्याकाळी रंकाळा, हे सगळं ओघानं झालंच.

लोकांच्या बोलण्यात मात्र पूरच होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा शहरात शिरली, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन वाहतूक तुटली. मामांच्या गोठ्यात पाणी आलं तेव्हा वरच्या पेठेतल्या लोकांनी घरची माणसं आणि म्हशी दोन्ही सांभाळल्या. "माणसाला माणूस हाय की हितं," ते म्हणत होते. चीनमधल्या आजाराच्या बातम्या तोवर येत होत्या. कट्ट्यावर त्याचा विषयही निघाला नाही. संकट यायचं ते नदीकडून, हे सगळ्यांनी धरलेलंच होतं.

निघताना मामांनी चैत्रात जोतिबाच्या यात्रेला यायचं आवतण दिलं. २२ मार्चला जनता कर्फ्यू झाला, २५ पासून देश बंद. यात्रा रद्द झाली, तालमी ओस पडल्या. पुरात एकमेकांच्या घरात शिरून माणसं तगली होती; या साथीत नेमकी तीच सोय राहिली नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

एप्रिलमध्ये फोन केला. कट्टा बंद होता, पण म्हशींची धार दोन्ही वेळा काढावीच लागत होती. मामा किटली घेऊन घरोघर फिरत होते. उंबऱ्यावरच्या भांड्यात दूध ओतायचं, हाक मारायची आणि मागं सरायचं. फोन ठेवताना म्हणाले, "यात्रा न्हाई तर न्हाई, साथ सरली की या."