संगणक सुरू होताना नेटवर्कपायी जाणारा वेळ : माझा अनुभव

आमच्या तालुक्याच्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक ग्रंथालयात पुस्तकांची देवघेव कोहा या मुक्त सॉफ्टवेअरवर चालते. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ येथील ग्रंथालयांसाठी १९९९ मध्ये तयार झालेले हे सॉफ्टवेअर आज अनेक देशांतील ग्रंथालये वापरतात. त्यासाठी आमच्याकडे उबंटू २२.०४ ही लिनक्स कार्यप्रणाली बसवलेला एक साधा टॉवर संगणक सर्व्हर म्हणून ठेवलेला आहे आणि त्याची तांत्रिक देखभाल माझ्याकडे आहे. वीज गेली की यूपीएस थोडा वेळ तग धरतो, त्यानंतर सर्व्हर रीतसर बंद करावा लागतो, आणि पावसाळ्यात हे वारंवार घडते. त्यामुळे संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो, हा आमच्याकडे रोजच्या कामाचा प्रश्न आहे. वीज परत येते तेव्हा देवघेवीच्या टेबलापुढे सभासद पुस्तके हातात घेऊन उभे असतात आणि ग्रंथपालबाईंच्या पडद्यावर कोहाचे पान उघडायला तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत असे. संगणकात एसएसडी होती, रॅम पुरेशी होती, आणि तरीही हा वेळ जात होता.

सर्व्हरला मॉनिटर जोडून पाहिल्यावर कारणाचा पहिला धागा मिळाला. पडद्यावर भराभर सरकणाऱ्या हिरव्या ‘ओके’च्या ओळी एका ठिकाणी थांबत, खाली लाल तारका डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा मागे अशा फिरू लागत, आणि शेजारी ‘नेटवर्क कॉन्फिगर होण्याची वाट पाहणे’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसे. त्याच ओळीच्या शेवटी आतापर्यंत गेलेला वेळ आणि त्यापुढे ‘मर्यादा नाही’ असे लिहिलेले असे. प्रत्यक्षात मात्र ही वाट बरोबर दोन मिनिटांनी संपत असे, कारण ही वाट पाहणाऱ्या सेवेला (पार्श्वभूमीत चालणाऱ्या कामाला) बाहेरून मर्यादा घातलेली नसली तरी तिच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमची स्वतःची मुदत १२० सेकंदांची असते.

या अडचणीवर सर्वत्र सुचवला जाणारा उपाय म्हणजे ही वाट पाहणारी सेवा ‘मास्क’ करून कायमची बंद करणे. मी तो केला नाही, आणि त्याचे कारण थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. उबंटूत १५.०४ या आवृत्तीपासून सिस्टमडी हा व्यवस्थापक संगणक सुरू करण्याचे काम पाहतो. त्याच्याकडे नेटवर्कविषयी दोन वेगवेगळे टप्पे आहेत. ‘नेटवर्क टार्गेट’ याचा अर्थ एवढाच की नेटवर्क सांभाळणारा प्रोग्रॅम सुरू झाला आहे; संगणकाला नेटवर्कवरचा पत्ता मिळाला की नाही, केबल जोडलेली आहे की नाही, याची हमी त्यात नसते. ‘नेटवर्क-ऑनलाइन टार्गेट’ हा टप्पा मात्र नेटवर्क खरोखर वापरण्याजोगे झाल्यावरच पूर्ण झाला असे मानले जाते. ज्या सेवांना सुरू होतानाच नेटवर्क हवे असते त्या या दुसऱ्या टप्प्यामागे रांग लावतात, आणि वाट पाहणारी सेवा त्यांच्या वतीने थांबलेली असते. तिला मास्क केले की रांगेतल्या सर्वांना ‘नेटवर्क तयार आहे’ असा खोटा निरोप जातो. संगणक लवकर सुरू झाल्यासारखा दिसतो, परंतु नेटवर्कवरची साठवण जोडली जात नाही, आणि रात्रीचा बॅकअप कुठे गेला हे शोधत बसावे लागते. म्हणून मला आधी हे जाणून घ्यायचे होते की वाट कशाची पाहिली जात आहे आणि ती कोणासाठी.

‘सिस्टमडी-ॲनालाइझ ब्लेम’ या आज्ञेने प्रत्येक सेवेला लागलेला वेळ उतरत्या क्रमाने दाखवला आणि सर्वांत वर अपेक्षेप्रमाणे वाट पाहणारी सेवा होती, दोन मिनिटांना किंचित वर. या यादीवर पूर्ण विसंबू नये, कारण एखादी सेवा स्वतः संथ नसून दुसरीसाठी खोळंबलेली असू शकते. खरी उपयोगी ठरली ती ‘क्रिटिकल-चेन’ ही जोड-आज्ञा. तिच्यात कोण कोणामागे उभा आहे याची साखळी दिसते. ‘ॲट’ चिन्हापुढे सेवा कोणत्या क्षणी तयार झाली तो वेळ आणि अधिक चिन्हापुढे तिने स्वतः घेतलेला वेळ. कोहाची पाने देणाऱ्या अपाचे या वेब सर्व्हर प्रोग्रॅमची साखळी मी काढली, तेव्हा अपाचेच्या मागे ‘रिमोट-एफएस टार्गेट’ (दूरच्या फाइलसिस्टिम जोडल्याचा टप्पा), त्याच्यामागे बॅकअपच्या साठवणीचा माउंट (ती जोडण्याची पायरी), त्याच्यामागे नेटवर्क-ऑनलाइन आणि सर्वांत मागे ती दोन मिनिटांची वाट असा क्रम निघाला. अपाचेला सुरू होण्यासाठी नेटवर्क ऑनलाइन असण्याची गरजच नाही. त्याच्या सेवेच्या फाइलमध्ये मात्र ‘दूरच्या फाइलसिस्टिमनंतर’ अशी अट असते, आणि आमच्या बाबतीत दूरची फाइलसिस्टिम म्हणजे मागच्या खोलीतली, नेटवर्कने जोडलेली बॅकअपची पेटी. देवघेव अडकली होती ती रात्री साडेअकराला लागणाऱ्या साठवणीसाठी.

दोन गोष्टी सुटायला हव्या होत्या. पहिली, नेटवर्क तयार व्हायला दोन मिनिटे का लागतात. दुसरी, देवघेव बॅकअपच्या पेटीशी का बांधलेली आहे.

पहिलीचे उत्तर ‘नेटवर्क-सीटीएल’ या आज्ञेने लगेच दिले. सर्व्हरला दोन नेटवर्क पोर्ट आहेत: एक मदरबोर्डवरचा ‘ईएनओ१’ आणि एक जोडकार्डावरचा ‘ईएनपी३एस०’. पहिल्यापुढे ‘राउटेबल’ आणि ‘कॉन्फिगर्ड’ असे शब्द होते, म्हणजे तो तयार होता. दुसऱ्यापुढे ‘नो-कॅरिअर’ (केबलवर सिग्नल नाही) आणि ‘कॉन्फिगरिंग’. अभ्यासिकेच्या नव्या दालनासाठी राखून ठेवलेल्या त्या पोर्टला केबलच लावलेली नव्हती, पण उबंटू बसवताना तयार झालेल्या नेटप्लॅनच्या (उबंटूतील नेटवर्क सेटिंगच्या) फाइलमध्ये दोन्ही पोर्टांपुढे ‘डीएचसीपी४ : ट्रू’, म्हणजे पत्ता नेटवर्ककडून आपोआप घ्यावा, असे लिहिले गेले होते. वाट पाहणारी सेवा आपल्या व्यवस्थेखालील सर्व जोडण्या तयार होण्याची अपेक्षा धरते. त्यामुळे केबल नसलेल्या पोर्टला कोणीतरी पत्ता देईल या आशेवर ती पूर्ण मुदत थांबत होती.

उपाय एका ओळीचा होता. नेटप्लॅनच्या फाइलमध्ये दुसऱ्या पोर्टखाली ‘ऑप्शनल : ट्रू’ असे लिहिले की ती जोडणी वाट पाहण्याच्या हिशेबातून वगळली जाते, पुढे केव्हा केबल लावली तर पोर्ट नेहमीप्रमाणे चालतो. ही फाइल यॅमल पद्धतीची असल्याने ओळींच्या आधीचे मोकळे अंतर काटेकोर जुळावे लागते आणि त्यात टॅब चालत नाही. बदल लागू करताना ‘नेटप्लॅन ट्राय’ ही आज्ञा वापरावी, असा माझा आग्रह राहील. ती नवे सेटिंग लावते आणि ठरलेल्या मुदतीत आपण होकार दिला नाही तर जुने सेटिंग परत आणते. दुसऱ्या खोलीतून सर्व्हरवर काम करताना चुकीच्या सेटिंगमुळे आपलाच संपर्क तुटू नये यासाठी ही सोय मोलाची आहे.

त्याच फाइलमध्ये मी पहिल्या पोर्टला स्थिर पत्ता दिला. तोपर्यंत सर्व्हर आपला पत्ता इंटरनेट देणाऱ्या फायबरच्या राउटरकडून घेत असे. वीज आल्यावर सर्व्हर आणि राउटर एकाच वेळी सुरू होतात, आणि राउटर उशिरा जागा झाला की सर्व्हरची विनंती ऐकायला कोणीच नसते. विनंती पुन्हा पाठवण्यातील अंतरही दर वेळी वाढत जाते. डीएचसीपीच्या मानकात ते चार, आठ, सोळा सेकंद असे दुप्पट होत जाते. ज्या संगणकाकडे सगळे ग्रंथालय येते, त्याचा पत्ता राउटरच्या मर्जीवर राहू नये, हे वेळेच्या हिशेबाबाहेरही मला योग्य वाटते. पत्ता निवडताना तो राउटर वाटत असलेल्या पत्त्यांच्या पट्ट्याबाहेरचा निवडला, म्हणजे दोन संगणकांना एकच पत्ता जाण्याची शक्यता राहिली नाही.

तरीही एक शक्यता उरत होती. मधला स्विच बंद पडला किंवा केबल निघाली, तर स्थिर पत्ता असूनही पोर्टला कॅरिअर मिळणार नाही आणि पुन्हा दोन मिनिटे जातील. म्हणून वाट पाहण्याची मुदत मी ३० सेकंदांवर आणली. ‘सिस्टम-सीटीएल एडिट’ने त्या सेवेची पूरक फाइल उघडून त्यात ‘एक्झेकस्टार्ट’ची (कोणती आज्ञा चालवायची ते सांगणारी) ओळ नव्या मुदतीसह लिहायची असते. येथे एक बारकावा सांभाळावा लागतो: नव्या ओळीच्या आधी ‘एक्झेकस्टार्ट’ची एक रिकामी ओळ लिहिणे आवश्यक आहे. ही सेवा ‘वनशॉट’ (काम करून संपणाऱ्या) प्रकारची असल्याने तिला एकाहून अधिक आज्ञा चालतात, आणि रिकामी ओळ नसेल तर जुनी आज्ञा तशीच राहून नवी तिच्यामागे लागते. म्हणजे मुदत कमी होतच नाही. मुदत संपल्यावर सेवा अयशस्वी म्हणून नोंदली जाते, परंतु संगणक पुढे सुरू होत राहतो.

आता बॅकअपची पेटी. ती एनएफएस या नेटवर्कवरून फाइल वापरण्याच्या पद्धतीने जोडलेली होती आणि कोणती साठवण कुठे जोडायची याची यादी असलेल्या एफएसटॅब फाइलमध्ये तिच्यापुढे केवळ ‘डिफॉल्ट्स’ असे लिहिलेले होते. अशा साध्या नोंदीचा अर्थ सिस्टमडी असा लावतो की ही साठवण आवश्यक आहे आणि ती जोडल्याखेरीज दूरच्या फाइलसिस्टिमचा टप्पा पूर्ण मानू नये. ‘नोफेल’ हा शब्द घातला की दोन्ही अटी सुटतात. पण एवढ्यावर थांबणे मला धोक्याचे वाटले. पेटी जोडली गेली नाही तर तिच्या जागी सर्व्हरवरचे रिकामे फोल्डर राहते, आणि रात्रीची स्क्रिप्ट कोणतीही तक्रार न करता त्यात बॅकअप लिहीत राहते. हजारो पुस्तकांच्या दाखल नोंदी आणि सभासदांच्या वर्गणीचा हिशेब ज्यात आहे, त्या डेटाबेसची प्रत त्याच डिस्कवर ठेवणे म्हणजे प्रत न ठेवण्यासारखेच आहे.

म्हणून ‘नोफेल’च्या जोडीला ‘एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट’ हा पर्याय घातला. त्यामुळे सुरू होताना पेटीकडे कोणी जातच नाही. त्या फोल्डरला प्रथम कोणी हात लावेल त्या क्षणी जोडणी केली जाते. रात्री स्क्रिप्ट चालते तेव्हा पेटी आपोआप जोडली जाते, आणि पेटी बंद असेल तर फोल्डर रिकामे न दिसता त्रुटी येते व स्क्रिप्ट तेथेच थांबते. ‘माउंट-टाइमआउट’ ३० सेकंद ठेवला, जेणेकरून बंद पेटीपुढे स्क्रिप्ट ताटकळत राहू नये. सर्व बदलांमध्ये मला हा सर्वांत समाधानकारक वाटतो, कारण त्यात वेळ वाचला आणि बॅकअपही पूर्वीपेक्षा भरवशाचा झाला.

याखेरीज उबंटू सर्व्हरबरोबर येणारी क्लाउड-इनिट ही सेवा मी बंद केली. भाड्याच्या आभासी सर्व्हरला प्रथम सुरू होताना सेटिंग पुरवणे हे तिचे काम आहे. आमच्या टॉवरला तिचा उपयोग नाही. ती मात्र नेटवर्कच्या वाटेमागे स्वतः उभी राहते आणि लॉगिनला आपल्यामागे उभे करते, म्हणून वाट लांबली की लॉगिनची ओळही येत नसे. तिच्या ‘ईटीसी’मधील ‘क्लाउड’ फोल्डरमध्ये ‘क्लाउड-इनिट.डिसेबल्ड’ नावाची रिकामी फाइल ठेवली की ती सुरू होत नाही.

वाचन कक्षातील विंडोजच्या संगणकांचा प्रश्न लहान होता. तेथे नियतकालिकांच्या स्कॅन प्रतींसाठी नेटवर्क ड्राइव्ह जोडलेला होता आणि सर्व्हर तयार होण्याआधी लॉगिन झाले की ‘सर्व ड्राइव्ह पुन्हा जोडता आले नाहीत’ अशा आशयाची सूचना येई. ड्राइव्ह काढून डेस्कटॉपवर त्या फोल्डरचा शॉर्टकट ठेवला. लॉगिनच्या वेळी काही जोडायचे उरलेच नाही.

चाचणी सर्वांत प्रतिकूल स्थितीत घेतली. राउटर आणि बॅकअपची पेटी दोन्ही बंद ठेवून सर्व्हर सुरू केला. अर्ध्या मिनिटाच्या आत कोहाचे पान देवघेवीच्या संगणकावर उघडले, आणि नंतर पेटी सुरू करून फोल्डर उघडताच तीही जोडली गेली.

याच चाचणीत एक वेगळी गोष्ट लक्षात आली: इंटरनेट नसताना सर्व्हरचे घड्याळ मागे पडलेले होते. पूर्वी राउटर जागा होईपर्यंत देवघेव सुरूच होत नसे, त्यामुळे वेळ आधी इंटरनेटवरून दुरुस्त होऊन जाई आणि हा दोष झाकला जाई. घड्याळ जुळेपर्यंत थांबवणारी एक स्वतंत्र सेवा सिस्टमडीकडे आहे, पण तिला मुदत नसते. इंटरनेट दिवसभर आले नाही तर ती दिवसभर थांबेल. तो मार्ग मी सोडून दिला. वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरील सीआर२०३२ हा सेल उतरलेला होता, तो बदलला. बायोसची (मदरबोर्डवरील मूळ सॉफ्टवेअरची) सेटिंगही सेल उतरल्यामुळे मूळ स्थितीला गेली होती आणि बूट क्रमात नेटवर्क बूट पहिल्या स्थानी आले होते. ते बंद करून एसएसडी वर आणली. आता रात्रभर वीज नसली तरी सकाळी देवघेवीच्या नोंदीवर आणि परतीच्या तारखेवर योग्य दिनांक पडतो.