बारा नरसाळी

रथसप्तमी, रात्री

भाचीचं बोरन्हाण आज पार पडलं. घरी यायला साडेनऊ वाजले, केसांतून अजून चुरमुरे निघताहेत. झोपण्याआधी लिहून ठेवते, नाहीतर उद्यापर्यंत यातलं निम्मं विसरेन.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला होता. "ताई, बारा मुलं येतील. त्यांच्या हातात द्यायला काहीतरी बघाल का? पन्नासच्या आत बसवा." दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंतची मुलं. मी लगेच हो म्हटलं, कारण दिवाळीपासून हाच विषय माझ्या डोक्यात होता.

दिवाळीत मी भाचीला रिमोटची मोटार दिली होती. साडेबाराशे रुपयांची. लाल दिवे, हॉर्न, सगळं. दोन दिवस ती बटण दाबायची, मोटार पळायची आणि ती बघत बसायची. मग सेल संपले. नवे घालून दे, असं तिनं एकदाही म्हटलं नाही. मला ते फार लागलं. पैशांचं नाही एवढं, पण त्या मोटारीत तिला करायला काही उरलंच नव्हतं.

आणि नंतर ती आठ दिवस माझ्याकडे राहायला आली, तेव्हा नरसाळं सापडलं. तेल बाटलीत ओतायचं माझं पिवळं नरसाळं. धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं तिनं उचललं आणि थेट न्हाणीघर गाठलं. बादली, दोन वाट्या आणि ते. आधी नुसतं ओतणं. मग पाणी जातं कुठे म्हणून ते डोक्यावर धरून खालून बघितलं. डोळ्यांत पाणी गेलं, तोंड पुसलं, पुन्हा बघितलं. तिसऱ्या दिवशी तिला बोटाची युक्ती सापडली. नळीच्या तोंडाला बोट लावलं की पाणी थांबतं, काढलं की सुटतं. "थांब!" म्हणायची आणि बोट लावायची. "जा!" म्हणायची आणि बोट काढायची. कुकर लावला, शिट्ट्या झाल्या, तो निवला, तरी हे चालूच. मी दाराशी पाटावर बसून होते. भरली बादली आणि तीन वर्षांचं मूल, यांना क्षणभरही एकटं सोडायचं नसतं. पण त्या बसण्याचा मला जराही कंटाळा आला नाही.

तरीही खरेदीला आधी तुळशीबागेतच गेले, सवयीनं. पितळी भातुकली बघून हात थबकतोच, पण पन्नासात तिचं झाकणही येत नाही. प्लास्टिकच्या कपबशा पातळ, कडा बोटाला लागणाऱ्या. चमकणाऱ्या अंगठ्या होत्या, आत बटणाएवढा सेल. तो सेल मुलानं गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते. त्या मी हातातही घेतल्या नाहीत. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, म्हणून पाकिटं उलटून बघत होते. बऱ्याच स्वस्त मालावर ते दिसलं नाही. फुगेही नकोत, फुटलेला तुकडा लहान मूल तोंडात घालतं. सागरगोटे मला मनापासून आवडतात, पण दीड वर्षाच्या हातात ते कसे द्यायचे?

वाटेत आईची आठवण आली. सावंतवाडीच्या चितार आळीतून तिनं आणलेली लाकडी फळं माझ्याकडे होती. पांगाऱ्याचं हलकं लाकूड, वर रंग. त्यातल्या सीताफळाला मी वर्षभर बाजार मांडून विकत होते, विकणारी मी आणि घेणारी आजी. आजी प्रत्येक वेळी घासाघीस करायची. मला वाटतं, सीताफळाइतकीच ती घासाघीस मला मिळालेली भेट होती.

शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीत शिरले. एक नरसाळं, एक चहाची गाळणी, एक वाटी. तिन्ही मिळून पंचेचाळीस रुपये. सगळ्यांना अगदी एकसारखं, रंगसुद्धा तोच, कारण बारा मुलांत एकाचं निळं आणि अकरांची पिवळी म्हणजे रडारड ठरलेली. दुकानदारानं विचारलं, "किराणा काढताय का?" मुलांसाठी म्हटल्यावर त्यांनी स्वतः एकेका नरसाळ्याच्या कडेवरून बोट फिरवून, खरबरीत निघालेली दोन बदलून दिली. त्या माणसाला मनापासून नमस्कार.

वहिनी आधी गप्पच झाली. "ताई, लोक काय म्हणतील?" मग मी तिला अरविंद गुप्तांची गोष्ट सांगितली. आयआयटी कानपूरला शिकलेला माणूस, सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीच्या काड्या जोडून मुलांना त्रिकोण, घनाकृती करायला शिकवत राहिला. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी केली. २०१८ साली पद्मश्री मिळाली. वहिनी हसली. रात्री तिनंच जुन्या सुती साडीच्या पट्ट्या फाडून बारा गाठोडी बांधली.

आज लहानांवर फक्त चुरमुरे आणि लाह्या टाकल्या. शेंगा आणि बोरं मोठ्यांसाठी ताटात बाजूला, कारण शेंगदाणा किंवा बोराची बी घशात अडकायला वेळ लागत नाही. हलव्याचा मुकुट भाचीनं फोटोपुरताच ठेवला. गाठोडी सुटली, तशी निम्मी मुलं नरसाळ्यातून भोंग्यासारखी ओरडू लागली. घर दणाणलं.

सगळ्यात लहान, दीड वर्षाचा मुलगा, सतरंजीच्या कोपऱ्यात जाऊन बसला होता. एक चुरमुरा नरसाळ्यात टाकायचा, तो खाली वाटीत पडला की वाकून बघायचा. मग एकदम मूठभर टाकले, ते नळीत अडकले. त्यानं हलवलं, आपटलं, दोन पडले. नरसाळ्यात डोळा घालून बघितलं. त्याची आई चपला घालून दारात उभी होती. "चल रे सोन्या, उशीर झाला." त्यानं मान वर केली नाही, आणखी एक चुरमुरा उचलला. ती जरा वेळ तशीच बघत राहिली. मग चपला काढल्या आणि आत येऊन त्याच्या शेजारी बसली.